प्लाय घेताना कड बघा

आज मिस्त्रीमामांबरोबर बेळगावात स्वयंपाकघरासाठी प्लाय बघत फिरलो. डेपोत दर कमी, पण दाखवतात गठ्ठ्यातली वरची शीट. आम्ही मधली काढायला लावली. कडेला मोबाईलचा टॉर्च धरला तर आतल्या थरांत काडी जाईल एवढी फट! अशा पोकळीत बिजागरीचा स्क्रू धरतच नाही. दुसरीकडे छाप ‘आयएस ७१०’चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, पण आयएसआय खुणेखाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांकच नाही. नंबर असला की ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर लगेच तपासता येतो. शेवटी किरकोळ दुकानातून घेतला. दर थोडा जास्त, पण ग्रेड लिहून पक्कं बिल मिळालं. मंडळी, सिंकखाली तरी ७१०च लावा. एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय, आमच्या खानापूरच्या पावसात फुगतोच.