ब्रायन मे टोन: एसी30, ट्रेबल बूस्टर आणि गिटारची व्हॉल्यूम नॉब

क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा गिटारचा आवाज उभा करायचा प्रयत्न चालू आहे. आतापर्यंतची स्थिती: लीड (सोलोचा आवाज) बऱ्यापैकी बसलाय, क्रंच (थोडा फाटलेला आवाज) जवळ आलाय, कमी आवाजातला टोन अजून कागदी वाटतोय. सेटअप साधा आहे. स्ट्रॅट धाटणीची गिटार, जर्मेनियम ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर वाढवणारं पेडल), व्हॉक्स एसी30 धर्तीचा अँप आणि 12 इंची दोन अल्निको स्पीकर. गिटार आणि बूस्टर यांच्या मधे फक्त केबल.

आधी अँप. गेनची नॉब शोधत बसू नका, या टोनमधे ती नाहीच. नॉर्मल चॅनेलमधे केबल लावायची आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत उघडायचा. जुन्या रचनेत या चॅनेलला बेस-ट्रेबल नसतात, हाताशी उरतो तो फक्त कट. कट उलटा चालतो: उजवीकडे फिरवला की वरची धार कमी होते. सुरुवात पूर्ण डावीकडून करा आणि बूस्टर चालू ठेवून, कान टोचणं थांबेपर्यंतच फिरवा. सध्या तो साधारण 10 वाजताच्या खुणेवर आहे. 12 च्या पुढे गेलं की पिकचा आघात हरवतो. नुसता टॉप बूस्ट (बेस-ट्रेबल असलेला) चॅनेल असेल तर ट्रेबल 4, बेस 3 पासून सुरू करा. दोन्ही एकदम वर नेले की मिड्स (मधले स्वर) खचतात, आणि मे यांच्या टोनमधे मिड्स गेले की बाकी काही उरत नाही.

चार ईएल84 पॉवर ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूब स्वतःचं बायस स्वतः सांभाळते ती रचना) आणि निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन आवाज आटोक्यात ठेवण्याचा) अभाव, यामुळे हा अँप एकदम फाटत नाही, हळूहळू दबत जातो. लांब सुरात जो गाणारा भाव येतो तो या दबण्यातून येतो.

आता बूस्टर. रेंजमास्टर या जुन्या ट्रेबल बूस्टरच्या धर्तीच्या सर्किटमधे इनपुट कपॅसिटर सुमारे 5 नॅनोफॅरडचा असतो. सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) जेमतेम 10 ते 20 किलोओहम, त्यामुळे खालचे स्वर अँपपर्यंत फारसे पोचतच नाहीत. पूर्ण उघडलेल्या एसी30 मधे खर्ज गेला की तो भसाडा होतो, म्हणून ही कात्री लागतेच. आवाज फारच बारीक वाटला तर कपॅसिटर 10 नॅनोफॅरडचा करा: कटऑफ (ज्याखालचे स्वर कापले जातात ती मर्यादा) निम्म्यावर येतो आणि अंग भरतं. पीएनपी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर उणे 7 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. खोली तापली की जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती (झिरपणारा नकोसा करंट) वाढते, हा आकडा उणे 5 कडे सरकतो, आणि सूर विझताना चरचरून तुटतो. मग सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी मल्टीमीटर घ्या आणि पेटी थोडी थंड होऊ द्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बफरपाशी, म्हणजे गिटारचा सिग्नल मधेच नव्याने पुढे देणाऱ्या सर्किटपाशी. गिटारनंतर बफर असलेला ट्यूनर, वायरलेस किंवा कुठलंही बफर्ड पेडल आलं की बूस्टरला पिकअपची कॉइल दिसतच नाही. आवाज पत्र्यासारखा चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी स्वच्छ होत नाही. बूस्टर पहिला, बाकी सगळं त्याच्या मागे. मॉडेलरवर (अँप-पेडलची नक्कल करणाऱ्या डिजिटल यंत्रावर) करत असाल तर इनपुट इम्पीडन्स 1 मेगओहमवर ठेवू नका. ऑटो किंवा 22 किलोओहमच्या आसपासचा पर्याय निवडा, फरक लगेच कळतो.

पिकअपचं काम या फेरीतलं खरं यश. मे यांच्या रेड स्पेशल गिटारमधे बर्न्स कंपनीचे तीन ट्रायसॉनिक पिकअप सीरिजमधे (एकामागे एक) जोडलेले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र चालू-बंद आणि फेजचा (सिग्नल उलटा करणारा) स्विच आहे. स्ट्रॅटमधे पिकअप पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेले) असतात, म्हणून ब्रिज आणि मिडल एकत्र घेतले की ओळखीचा टणक, पोकळ आवाज येतो. तो इथे चालत नाही. ब्रिजची ग्राउंड वायर सोडवून मिडलच्या हॉट वायरला जोडा, मिडलची ग्राउंड पूर्वीसारखी अर्थला. 6 आणि 6 किलोओहमचे मिळून 12 होतात, आउटपुट वाढतं, वरची झळाळी उतरते, मिड्स फुगतात. या जाड मिड्सवर ट्रेबल बूस्टर बसला की आवाज बारीक होत नाही, पुढे येतो. मिडल पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर हमही बराच मरतो. जोडल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा, हडकुळा आला तर फेज उलटी आहे: एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा.

पूर्ण व्हॉल्यूमवर पिकअप शिट्टी मारायला लागला तर कॉइलचे वेढे सैल आहेत. मे यांनी त्यांचे पिकअप अराल्डाइटने (कडक होणाऱ्या एपॉक्सीने) भरून टाकले होते. घरी मेणात पॉटिंग (वेढ्यांमधल्या फटी भरणं) करणं बरं, कारण अराल्डाइट पुन्हा काढता येत नाही.

मग सगळा खेळ गिटारच्या नॉबवर. बूस्टर कायम चालू. लीडला 10, क्रंचला 6 ते 7, क्लीनला 3 ते 4. या आकड्यांना फार चिकटू नका, पॉटच्या टेपरनुसार (नॉब फिरवताना आवाज किती वेगाने बदलतो त्यानुसार) ते सरकतात.

पिकच्या जागी सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं. व्यास सुमारे 19 मिलिमीटर, कडेला दाते. तारेला समांतर धरलं तर सूर गोल निघतो, किंचित तिरकं केलं की दाते घासून सुराच्या तोंडाला खरखर येते, व्यंजनासारखी. प्लास्टिकच्या पिकने ईक्यू कितीही हलवा, ही खरखर येत नाही. वेढ्यांच्या जाड तारा मात्र लवकर झिजतात. कडेला दाते असलेलं त्याच आकाराचं कुठलंही नाणं चालेल. मनगट सैल हवं, कारण नाणं वाकत नाही, लवचीकपणा हातालाच द्यावा लागतो.

उरलेला प्रश्न कमी आवाजाचा. ॲटेन्युएटरवर (अँप आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज कमी करणाऱ्या यंत्रावर) 12 डेसिबलपर्यंत खाली आणलं तरी टोन टिकतो. त्याखाली स्पीकर हलतच नाही, कानालाही खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मग सगळं सपाट वाटतं. तिथे कट थोडा डावीकडे परत नेला तर जरा उघडतं. अँपचा व्हॉल्यूम कमी करून आवाज खाली आणणं हा उपाय नव्हे, त्याने दबणंच निघून जातं.

पुढच्या फेरीत डिले (पडसाद देणारं पेडल). तो एकाच अँपच्या पुढे लावला की मूळ सूर आणि त्याचा पडसाद एकत्र डिस्टॉर्ट होऊन चिखल होतो. मे पडसाद वेगळ्या अँपमधे पाठवतात ते त्यामुळेच. दुसरा छोटा अँप जोडून 800 मिलिसेकंदांपासून सुरुवात करायची आहे, फीडबॅक शून्य, एकच पडसाद.