तुम्ही विचारलंत म्हणून: आई म्हणून कमी पडते तेव्हा

“तुम्हाला कधी वाटत नाही का हो, आई म्हणून आपण कमी पडतोय असं?” चर्चमधली उपासना संपली की मुलं बाहेर पळतात, आणि कुणी ना कुणी तरुण आई मला हे हळूच विचारते. तिच्या मनातलं पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं. रोज प्रार्थना करते, पवित्र शास्त्र वाचते, तरी मुलांवर ओरडते. मग माझा विश्वास खोटाच का?

वाटतं. माझी मोठी लेक 14 वर्षांची झाली, तरी वाटतं.

ती 6 वर्षांची असतानाची एक रात्र सांगते. कौटुंबिक प्रार्थनेत ती सारखी चुळबुळ करत होती. मी डोळे उघडले आणि प्रार्थना अर्धवट टाकून तिच्यावर ओरडले. दुसऱ्या रात्री तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “देवबापा, आईला माझा राग येऊ नये असं कर.” माझ्या रागाचं ओझं त्या एवढ्याशा जिवाने स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘तू आई व्हायच्याच लायकीची नाहीस’ हे एकच वाक्य मनात घुमत राहिलं.

त्या वाक्याला उत्तर द्यायला मला फार उशिरा जमलं. आता मी त्याला विचारते, नेमकं काय चुकलं? देवाचा पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो: काल रात्री, प्रार्थनेत, तू लेकीवर ओरडलीस. त्यावर काही करता येतं. पश्चात्ताप करता येतो, माफी मागता येते. ‘तू लायकच नाहीस’ यावर काय करणार? तो आवाज प्रभूचा नाही, असं मी आता ठामपणे मानते.

तेव्हा मी लेकीजवळ बसून माफी मागितली, आणि मागता मागता “पण तूही जरा शांत बसायला हवं होतंस” असं जोडलंच. ती माफी वायाच गेली. ‘पण’ न जोडता माफी मागायला मला पुढे कित्येक महिने लागले.

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीचं मला फार दडपण यायचं. पहाटेआधी उठणारी, शेत विकत घेणारी, रात्री जिचा दिवा मालवत नाही अशी ती. मी तो अध्याय प्रगतिपुस्तकासारखा वाचायचे आणि दर वेळी नापास व्हायचे. मग कळलं की तिच्यावरच्या या 22 ओव्या म्हणजे एक कविता आहे आणि प्रत्येक ओवी हिब्रू वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत गुंफलेलं हे एका स्त्रीचं कौतुक आहे. तिचा एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून ते लिहिलेलंच नाही. शिवाय तिच्या घरात दासी आहेत, हे 15 वी ओवी स्पष्ट सांगते आणि आपण ते वाचून पुढे जातो.

बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत ‘सद्गुणी स्त्री’ हेच शब्द शेतमालक बवाज रूथसाठी वापरतो. तेव्हा तिच्याकडे काय होतं? ती विधवा, परदेशी, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवणारी. पदरात मूलही नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ रडले.

आणि येशूची आई मरिया! सणाहून परतताना 12 वर्षांचा येशू सोबत नाही हे न कळता ती आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, आणि तो सापडला तीन दिवसांनी. देवाने आपल्या पुत्रासाठी निवडलेली ही आई. शुभवर्तमान लिहिताना लूकने ही गोष्ट लपवली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

“माझी कृपा तुला पुरे आहे,” असं प्रभू प्रेषित पौलाला म्हणाला. पुरी पडते ती कृपा. मी पुरी पडावं, अशी अट त्या वचनात कुठेच नाही.

एक मात्र आवर्जून सांगते. कमी पडल्याची प्रत्येक भावना आत्मिक नसते. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली निजला तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर एक दिवसही थांबू नका. धाकटा 3 महिन्यांचा असताना मीही डॉक्टरांकडे गेले होते, आणि औषध घेतल्याने माझी प्रार्थना कमी झाली नाही. एकटीने जायला धीर होत नसेल तर मला सांगा. मी सोबत येईन.