माजघरातला मारिओ

पार्टी गेम, म्हणजे चारचौघांनी मिळून खेळायचे व्हिडिओ गेम, एकट्याने खेळून त्याचं परीक्षण लिहिणाऱ्यांची मला कीव येते. हे खेळ तपासावेत ते मालवणकडच्या घरात, गणपतीत, चाकरमानी उतरल्यावर. आरती आटोपलेली, भजनाचे बुवा अजून वाटेतच, अशा मधल्या वेळात पुतण्याने माजघरातल्या टीव्हीला स्विच, म्हणजे निन्टेंडो कंपनीचं गेम खेळायचं यंत्र, जोडला.

पहिला आला २०१७चा '१-२-स्विच'. यात २८ छोटे खेळ आहेत आणि पुष्कळ खेळांत पडद्याकडे बघायचंच नसतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. एकात चक्क गाईची धार काढायची. हातातला जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, उभा धरायचा, बटणं दाबत खाली ओढायचा. पुतण्याची झटापट बघून काकूला राहवेना. "असा ओढतत काय रे? लाथ मारीत ती!" मग तिने स्वतः धार काढली आणि त्याला हरवलं. दुसऱ्यात जॉय-कॉन डबा समजून कलता करायचा आणि आत किती गोट्या घरंगळल्या ते नुसत्या थरथरीवरून ओळखायचं. मोतीबिंदूवाले आबा त्यात सगळ्यांना भारी पडले. पाचच मिनिटांत सत्तरीतला माणूस खेळात येतो, हे मोठमोठ्या गेमांना जमत नाही.

पण पुढल्या रात्री गाय कोणी मागितली नाही. विनोद एकदा ऐकला की संपला.

'मारिओ पार्टी सुपरस्टार्स' जास्त टिकला. २०२१चा हा गेम म्हणजे जुन्या भागांतल्या १०० मिनीगेमांची मोट. त्यातल्या रस्सीखेचीची गंमत निराळीच. १९९८च्या मूळ गेममध्ये कंट्रोलरवरची काठी गरागरा फिरवताना पोरं तळहात लावत आणि हाताला फोड येत; शेवटी अमेरिकेत कंपनीला हातमोजे द्यावे लागले. आता खेळाआधी तळहात न लावण्याची सूचना येते. आमच्याकडे ती कोणी वाचली नाही.

चिडचिड व्हावी असंही यात बरंच आहे. हा पटावरचा खेळ, ज्याचे तारे जास्त तो जिंकला. शेवटी बोनसचे तारे वाटतात, आणि कधी सगळ्यात कमी चाललेल्यालाही एक मिळतो. झोपाळ्यावरून न उठणारा आमचा भाऊ असाच एकदा जिंकला. इंजिनिअर पुतण्या धुसफुसला, पण सात वर्षांची भाची शेवटपर्यंत उठली नाही, कारण आपलंही काही लागेल ही आशा.

दुसरी तक्रार रटाळपणाची. फासा टाका, घरं मोजा, दुसऱ्याची पाळी बघत बसा. दहा फेऱ्यांना तास जातो. मला तर तोच भाग आवडला. मिनीगेम चालू असताना कोणाला बोलायला फुरसत नसते. पाळीची वाट बघतानाच आंब्याच्या कलमांचं काय झालं, खाजणातल्या जमिनीचा दावा कुठवर आला, हे निघतं आणि नेवऱ्यांचा डबा फिरतो. गुलामचोर इतकी वर्षं टिकला तो काही डोकं लागतं म्हणून नव्हे.

खर्चाचं मात्र बघा. मारिओत चौघं खेळतात, आणि स्विचबरोबर येणारी जॉय-कॉनची जोडी दोघांनाच पुरते. म्हणजे दुसरी जोडी आली. ती घ्यायची तर मारिओसाठी घ्या. गाईवाला गेम विकत घेऊ नका. मुंबईच्या भाच्याला फोन करून म्हणावं, बॅगेत जागा असली तर आण.