पाण्यावर तरंगणारा ॲक्सोलॉटल: माझा अनुभव

ॲक्सोलॉटल हा टाकीच्या तळाशी राहणारा, चार पायांचा उभयचर जीव. आमचा गोट्या दिवसभर खाली बसून असतो, मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि परत तळ गाठतो. गेल्या एप्रिलमध्ये तो वर आला तो वरच राहिला. शेपटीकडचा भाग पाण्याबाहेर, डोकं खाली, आणि कितीही पाय मारले तरी खाली जाता येईना. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं होतं, कल्ले पुढे झुकले होते. त्याला त्रास होतोय हे स्पष्ट दिसत होतं.

दुकानदाराने फोनवरच 'स्विम ब्लॅडर' (माशांच्या अंगातली तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) बिघडल्याचं निदान केलं आणि माशांचं औषध टाकायला सांगितलं. ते मी टाकलं नाही. ॲक्सोलॉटल मासा नाही, उभयचर आहे. माशांची ती हवेची पिशवी त्याच्या अंगात नसतेच. त्याला कल्ल्यांबरोबर फुफ्फुसंही असतात. त्यामुळे तो तरंगत असेल तर हवा फुफ्फुसात जास्त झालेली असते, आतड्यात गॅस धरलेला असतो, नाहीतर फुफ्फुसातून हवा गळून पोटाच्या पोकळीत साठलेली असते. यातलं नक्की काय, हे कळल्याशिवाय औषध देणं मला तरी धोक्याचं वाटतं. त्याची कातडी इतकी पातळ असते की पाण्यातलं बरंच काही थेट अंगात जातं.

आधी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे पाण्यात घाणीतून होणारं विष नव्हतं. तापमान मात्र २५ अंश! त्या आठवड्यात वीज सारखी जात होती, त्यामुळे चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र, नीट चालतच नव्हता. या प्राण्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचं पचन बिघडणारच.

मग क्लोरीन काढलेलं पाणी एका टबात भरलं, जेमतेम पाठ बुडेल आणि पाय तळाला टेकतील एवढंच. पाय टेकल्यावर त्याची धडपड लगेच थांबली. बर्फाच्या बाटल्या बाहेरून लावून पाणी हळूहळू गार केलं, खाणं बंद ठेवलं आणि टबातलं पाणी रोज बदललं. काहीजण अशा वेळी फ्रिजमध्ये ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी त्याची गरज नाही म्हणून सांगितलं.

हे डॉक्टर एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे पाळीव प्राणी पाहणारे. थर्माकोलच्या खोक्यातून त्याला नेलं. एक्स-रेमध्ये आतड्यात गॅसचे काळे फुगे स्वच्छ दिसले. खडा कुठेच नव्हता, फुफ्फुसंही ठीक होती. खड्याची भीती खरी असते, कारण ॲक्सोलॉटल तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि त्याबरोबर टाकीतले गोटेही गिळतो. म्हणून आमच्या टाकीत खडी नाहीच.

पुढे काही दिवसांनी टबात भलीमोठी शी दिसली. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल! त्याच संध्याकाळी शेपूट खाली आली. टाकीत मात्र पाणी १७ अंशांवर स्थिर झाल्यावरच सोडलं.

आता चिलरला इन्व्हर्टर जोडलाय. गांडूळ तुकडे करून, आठवड्यातून दोन-तीनदाच देते. हवेचा घोट घेऊन तो थोडा वेळ तरंगला तर मी हात लावत नाही; स्वतःहून खाली जाता येतंय का एवढंच पाहते. पोट फुगलं किंवा एका कुशीवर कलला, तर डॉक्टरांना लगेच फोन.