कॅसरोलचं भांडं रिकामं कसं परत करायचं?

नगरला उपासना संपली की खरी गर्दी चर्चच्या आवारात व्हायची. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं लग्न जमलं, कोण दवाखान्यात आहे, सगळं तिथेच कळायचं, आणि "आई चल ना गं" म्हणून चार वेळा पदर ओढल्याशिवाय आई काही हलायची नाही. तेव्हा जाम वैताग यायचा. इथे बोस्टनच्या उत्तरेला राहायला आल्यावर पहिलं वर्ष त्याच आवाराच्या आठवणीने रडू यायचं.

इथलं आमचं चर्च काँग्रिगेशनल, म्हणजे जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतःच चालवते अशा प्रोटेस्टंट पंथाचं. उपासनेनंतर खाली बेसमेंटमध्ये कॉफी अवर असतो, म्हणजे मोठ्या थर्मासमधली पाणचट कॉफी, डोनट आणि गप्पा. ऐकायला छान वाटतं ना? पण नवीन माणसाला ते फार अवघड जातं हो. स्वागत कमिटीवाले बॅज लावून हसून बोलायचे, नाव विचारायचे, पुढच्या रविवारी परत विचारायचे, आणि मी कप हातात धरून नोटीस बोर्ड वाचत उभी. पूर्ण बोर्ड पाठ झाला होता माझा.

मग एका जानेवारीत बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. कोणी कोणाला सांगितलं माहीत नाही, पण तिसऱ्या दिवसापासून दारात कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भांड्यासकट भाजलेलं जेवण, यायला लागले. मॅकरोनी, ट्यूना, चिकन, वरून चिप्सचा चुरा, तिखटाचा पत्ता नाही, नवरा प्रत्येकात ठेचा कालवून खायचा. एक रिटायर्ड इलेक्ट्रिशियन आजोबा न विचारता आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढून गेले. आत या म्हटलं तर नको, बूट ओले आहेत म्हणाले.

आता या भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव असतं. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घेतात, तसंच की! हात बरा झाला, सहा भांडी धुवून ठेवली, पण रिकामी परत कशी करणार? शंकरपाळे तळले, प्रत्येक भांड्यात भरले आणि रविवारी बेसमेंटमध्ये घेऊन गेले. लोकांना कळेचना, भांडं आमचं आणि वर खाऊ कसला. मी सांगितलं की आमच्यात रिकामं भांडं देत नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी कप धुवायला बोलावलं, आणि मला वाटतं मी त्या चर्चची झाले ती तेव्हाच, मेंबरशिपच्या कागदावर सही केली तेव्हा नाही.

कारण सिंकपाशी माणसं वेगळं बोलतात. वर बाकावर शेजारी बसून वर्षभरात जे कळलं नाही ते इथे दहा मिनिटांत कळतं, कोणाचा मुलगा बोलत नाही, कोणाला एकटीने जेवायचा कंटाळा येतो, कुठला गॅरेजवाला फसवत नाही. प्रवचनाचा विषय क्वचितच निघतो, खरं सांगते.

तिथेच एकदा मी सांगितलं की इथून अर्ध्या तासावरच्या सेलममध्ये १८१२ साली ज्या पाच तरुण मिशनरींना दीक्षा मिळाली, त्यातले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे १८३१ साली त्यांचं मिशन आमच्या नगरला आलं, म्हणजे माझ्या घराण्याचं चर्च तुमच्याच गावाकडून आलेलं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नव्हतं! एक आजी टॉवेलने कप पुसता पुसता म्हणाल्या, "मग तू आमचं भांडं परत करायला आलीस म्हण की."

त्यातली पाचच भांडी परत गेली. सहाव्याची चिकटपट्टी घासताना निघाली आणि मालक काही सापडत नाही. परवा व्हिडिओ कॉलवर आईला मागच्या शेल्फवर ते दिसलं. "अजून दिलं नाहीस?" म्हणाली. येत्या रविवारी करंज्या भरून टेबलावर ठेवते, ज्याचं असेल तो उचलेल.