पल्स ५४, स्कोअर ८६

जूनचा धावण्याचा हिशेब आधी टाकतो. एकूण १७२ किमी. घाटातले लाँग रन चार, एक बुडाला (पावसाने नव्हे, मेहुण्याच्या लग्नाने). साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट न थांबता चढायचं गेल्या पावसाळ्यापासून डोक्यात होतं, ते जमलं. शेवटच्या वळणावर घड्याळात १६८ ठोके. गेल्या वर्षी तिथेच १८१ होते आणि मी कठड्याला टेकून उभा होतो. सकाळी अंथरुणात मोजलेली पल्स ५४. पाच वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा ७६.

हा ५४ मी फार मिरवला. मिरवण्यासारखा आहेही. सरावाने हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठा होतो, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतो, म्हणून बसल्या जागी ठोके कमी पुरतात. धावताना रक्ताचा वेग वाढला की धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैलावते. लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्या १३८ जणांच्या तपासण्या २०२० साली प्रसिद्ध झाल्या. सहा महिन्यांच्या सरावात त्यांची महाधमनी जणू चार वर्षांनी तरुण झाली होती. सगळ्यांत जास्त फायदा कुणाला? वय झालेल्या, हळू धावणाऱ्या पुरुषांना. म्हणजे आपल्या ग्रुपलाच की!

आता मार्चमधली गोष्ट, जी इथे लिहायला मला तीन महिने लागले. वडिलांची ५८ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, म्हणून बहीण मागे लागली आणि मी हृदयाचा कॅल्शियम स्कोअर काढला (स्कॅन करून हृदयाच्या धमन्यांत किती कॅल्शियम साठलंय ते मोजतात; शून्य म्हणजे काहीच नाही). माझं वय ४९, टीएमटी (ट्रेडमिलवर पळवत काढतात तो ईसीजी) दरवर्षी स्वच्छ. शून्य येणार या खात्रीने रिपोर्ट पार्किंगमध्येच उघडला. ८६.

डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच, की मग टीएमटीत का नाही दिसलं? ते म्हणाले, रक्त कमी पडेल इतकी धमनी अरुंद झाली तरच टीएमटी बोंब मारते. धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा छोटा थर तिला कळत नाही.

मग वाचत बसलो. बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकलेला क्लॅरेन्स डीमार १९५८ मध्ये कॅन्सरने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. पण त्यांतही थोडा थर होताच. नळी रुंद असल्याने तो नडला नाही. उलट अमेरिकेला धावायचं वेड लावणारा जिम फिक्स १९८४ मध्ये धावतानाच गेला, वय ५२, धमन्या तुंबलेल्या. त्याचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. २०१७ सालचा लंडनच्या संशोधकांचा अभ्यास तर सरळच सांगतो, की वर्षानुवर्षं धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या पुरुषांत थर कमी नाहीत, थोडे जास्तच आहेत. मात्र बरेचसे कडक, कॅल्शियम बसलेले, म्हणजे फुटायला अवघड. यावर मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही.

माझ्यापुरतं कळलं ते असं: धावण्याने पंप सुधारला, नळ्या लवचिक झाल्या, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ होतं ते होतंच. आणि का नसणार? घाट उतरलो की तर्रीदार मिसळ, वर कंदी पेढे, ‘धावतो ना, जळून जातं सगळं’ म्हणत.

कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, स्टॅटिन, सुरू आहे. जूनअखेर एलडीएल ८१. स्कोअर मात्र औषधाने उतरत नाही, कधी थोडा चढतोसुद्धा, कारण मऊ थर कडक होतो. म्हणून दरवर्षी स्कॅन काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आईला वाटतं आता बंद करावं. अमेरिकेत २००० ते २०१० मध्ये मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाखांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं, हा आकडा तिला सांगितला. ती म्हणाली, ‘त्या एकोणसाठांच्या आयांना विचार.’ यावर उत्तर नाही. तडजोड म्हणून छातीत दडपलं, जबडा-हात भरून आला की जागेवर थांबायचं, पेस गेली खड्ड्यात, असं तिला कबूल केलंय.

जुलै: आठवड्याला ४५ किमी, टेम्पो (जोरात धावायचा सराव) एकच, बाकी सगळं बोलता येईल इतकं हळू. रविवारी पहाटे साडेपाचला घाटाच्या पायथ्याशी. पेढे यावेळी दुसऱ्या कुणीतरी आणा.