तेहतीस कपडे आणि दोन साड्यांची दोरी

यंदाच्या गुढीपाडव्याला मी कपाटातले आणि माळ्यावरचे सगळे कपडे काढून मोजले, तेव्हा नुसत्या साड्याच 64 निघाल्या आणि त्यांतल्या 19 साड्यांची फॉल-पिको करून आणल्यानंतरची पहिली घडीही मोडलेली नव्हती. कॉलेजात शिकवायला जाताना मात्र मी आलटून पालटून त्याच आठ-नऊ साड्या नेसत होते. म्हणून कोर्टनी कार्व्हर या अमेरिकी लेखिकेने 2010 मध्ये सुरू केलेला ‘प्रोजेक्ट 333’ आपणही करून पाहावा, असे ठरवले. तीन महिने फक्त 33 वस्तूंवर काढायचे, त्यांत कपड्यांबरोबर चपला आणि दागिनेही धरायचे. आतले कपडे, रात्रीचे व घरात घालायचे कपडे आणि लग्नाची अंगठी तेवढी गणतीबाहेर. अंगठीच्या जागी मी मंगळसूत्र धरले.

पहिली अडचण मोजणीतच आली. सुझी फो यांनी 1970 च्या दशकात लंडनमधल्या आपल्या दुकानातून मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांची कल्पना मांडली आणि फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात कपड्यांचा संच आणला. त्या हिशेबात स्कर्ट म्हणजे सरळ एक नग. साडी मात्र एक नग धरायची, की ब्लाउज आणि परकर मिळून तीन? तीन धरले तर अकरा साड्यांतच 33 चा आकडा भरतो आणि बाईने अनवाणी हिंडायचे. शेवटी परकर मी आतल्या कपड्यांत ढकलले आणि साडी व ब्लाउज वेगवेगळे मोजले. तसे मोजल्यावर दिसले की कपाट साड्यांइतकेच त्यांच्या मॅचिंग ब्लाउजांनी फुगलेले आहे. माझ्या आजीची दोन लुगडी असत, एक अंगावर आणि एक दांडीवर, आणि खणाची चोळी दोहोंवर चालत असे. मीही काळा आणि मरून असे दोन खण आणून ब्लाउज शिवायला टाकले. एकाची बाही इतकी घट्ट झाली की फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जाईना. ती उसवून घेतल्यावर मात्र त्या दोन ब्लाउजांवर नऊ साड्यांचा उन्हाळा निभावला. स्टाफरूममध्ये हे कुणाच्याही ध्यानात आले नाही, याचे थोडे वाईटही वाटले.

दुसरे तीन महिने सुरू झाले ते ऐन पावसात. माझे माहेर दहिवडीचे. माण तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे तिथे पावसाळ्यातही सकाळी वाळत घातलेली साडी बहुधा जेवणाच्या आत वाळते. मी आता राहते ते सातारा शहर त्याच जिल्ह्यात असले तरी डोंगराला चिकटलेले आहे. यवतेश्वराच्या बाजूने ढग उतरू लागले की अजिंक्यतारा दिवसच्या दिवस दिसत नाही आणि ऊन कॅलेंडरवरच्या चित्रात पाहावे लागते. सोमवारी धुतलेली सुती साडी मी गुरुवारी हाताने चाचपून पाहिली, तर पदर आणि निऱ्यांचा भाग सुकलेला, पण फॉल लावलेला काठ दुपदरी असल्यामुळे ओलाच. तशीच नेसून गेले. तो गार काठ दिवसभर घोट्याला चिकटत राहिला आणि वर्गात पंखा लावला तेव्हा जो कुबट वास सुटला, तो पहिल्या बाकापर्यंत नक्की पोहोचला असणार.

मी हिशेब मांडला. दिवाणखान्यात पंख्याखाली बांधलेल्या दोरीवर एका वेळी दोनच सुती साड्या नीट पसरतात आणि त्यांना वाळायला चार दिवस लागतात, म्हणजे आठवड्याला साडेतीन साड्या तयार होतात. चिखलामुळे प्रत्येक साडी एकदा नेसली की धुवावीच लागते, आणि कॉलेजला मला सहा लागतात. आणखी सुती साड्या काढल्या असत्या तरी बादलीतला ढीगच वाढला असता.

सासूबाई हे सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, माळ्यावर त्या आहेराच्या गुळगुळीत साड्या पडल्यात ना, त्यातल्या काढ की चार. आम्ही शाळेत नोकरीला होतो तेव्हा पावसाळी साड्या वेगळ्याच असायच्या.” त्या साड्यांना मी आजवर नावेच ठेवत आले होते, आणि अजूनही त्यांची चकाकी मला आवडत नाही. पण सुती धागा दमट हवेतूनच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. रात्री पिळून टाकलेली जॉर्जेटसारखी साडी सकाळी सातला खडखडीत. पाच सुती साड्या वर गेल्या, पाच गुळगुळीत खाली आल्या आणि आकडा 33 च राहिला.

उरलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न आहेच. बोहारणीला देण्यापेक्षा वाकळ शिवून घ्यावी म्हणून मी जुन्या सुती आणि उरलेल्या गुळगुळीत साड्यांचे गाठोडे घेऊन गेले, तर वाकळ शिवणाऱ्या मावशींनी सहा मऊ सुती साड्या ठेवून घेतल्या आणि गुळगुळीत सगळ्या परत केल्या. थर सरकतात, टाका बसत नाही, म्हणाल्या. घडी न मोडलेल्या 19 पैकी पाच वापरात आल्या, उरलेल्या त्या कोऱ्या 14 साड्या पुन्हा माळ्यावर आहेत. पाडव्यापासून आहेरात आलेल्या तीन धरल्या तर 17.